कलम सात

वळतर म्हणतात इकडे भरपाईला.
लहानपणी वाटायचं,
जे वळून घरी येतं ते वळतर:
गाय, उसनी दिलेली वाटी.

कोठीच्या कचेरीत माझी फाईल निळी आहे.
गुप्ते कुमुदिनी यशवंत, राहणार करेलीबाग.
जमीन गेली: शून्य. भिंत गेली: शून्य.
गेलं ते कलम सात.

एक्कावन्न साली अण्णांनी घातलेलं,
पूर्वेचा अर्धा प्लॉट अमीनांना विकताना:
'खरेदीदाराने अगर त्याच्या वालीवारसांनी
सदर जागेत तळमजल्यावर मजला चढवू नये,
यावच्चंद्रदिवाकरौ.'
नकाशे काढायचे अण्णा. सकाळचा उजेड
त्यांच्या बोर्डावर डावीकडूनच यावा लागे.
म्हणून चंद्रसूर्य साक्षीला बसवले
आणि आपला वरचा मजला
त्याच वर्षी बांधून घेतला.

सत्त्याऐंशीत हर्षिदाबेन आल्या,
ताटलीत सुखडी, वर क्रोशाचा रुमाल.
केतुलचं लग्न ठरलं होतं.
एक खोली, म्हणाल्या, पत्र्याची चालेल.
अण्णा नव्हते तेव्हा. मी कपाटातून दस्त काढला
आणि बोट ठेवलं.
नुसतं नाही म्हणता आलं असतं.
मी बोट ठेवलं.
दस्त मराठीत. त्यांना अक्षरं लागली,
वाक्य नाही लागलं.
'लख्युं छे तो लख्युं छे,' म्हणाल्या.
ताटली मी परत दिली, तीही रिकामी.

दोन वर्षं मुलगा-सून स्वयंपाकघरात झोपले.
रात्री भांडं पडलं की मला ऐकू यायचं.
मग ते अंकलेश्वरला गेले, रंगाच्या कारखान्यात.
बेन एकट्याच राहिल्या, आणि नंतर कुलूप.

आता त्या जागी पाण्याची टाकी आहे.
तेवीस मीटर. सार्वजनिक हेतू.
तुमचं कलम सरकारला बांधत नाही,
साहेब म्हणाले, पण ज्याला त्याचा लाभ होता
त्याचं नुकसान मोजावं लागतं.
मोजलं त्यांनी. उजेड असताना घराची किंमत,
उजेड नसताना घराची किंमत,
दुसरी पहिलीतून वजा.
एक लाख चौदा हजार सहाशे.
चंद्राचे वेगळे धरले नाहीत.

मी विचारलं, सत्तर वर्षं ज्यांनी हे कलम पाळलं
त्यांचं काय धरता?
साहेब चांगला मुलगा आहे. त्याने यादी पुन्हा पाहिली.
'अमीनांना जमिनीचे मिळाले, बेन.'
जमिनीचे. हो.

टाकीची सावली सकाळी सव्वाआठला
अण्णांच्या खोलीत येते, साडेनऊपर्यंत बसते,
चहा न घेणाऱ्या पाहुण्यासारखी.
केतुलची खोली दहा फुटांची झाली असती.
तिची सावली
आमच्या खिडकीपर्यंत पोचली असती का?
मागच्या मंगळवारी काढून पाहिलं,
अण्णांचीच पट्टी, अण्णांचाच कोनमापक.
हिवाळ्यात,
वीस मिनिटं.

चेक अजून भरलेला नाही. फाडलाही नाही,
तेवढी मोठी मी नाही.
तीन महिने चालतो म्हणतात.
केतुलचा नंबर दूधवाल्याकडे निघाला.
मला आकडे सांगायचे होते,
चेकचा, आणि त्या वीस मिनिटांचा.
पण आधी त्यानेच विचारलं,
'मासी, पाणी वर चढतं ना आता?'
चढतं, म्हटलं.
मोटरशिवाय चढतं.